आण्णांनी कानाचं मशीन लावल्यापासून पेटी हातात घेतली नाही, काय करू?

सुई_दोरा

नमस्कार. एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आमचे आण्णा ६७ वर्षांचे. इचलकरंजीत ३० वर्षं जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे, वेगवेगळ्या कारखान्यात. माग बंद पडला, धोटा उडाला, की हाक जॉबरला. त्यामुळे सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं. तिथली माणसं एकमेकांशी हातवारे करून नाहीतर ओठ बघूनच बोलायची, मी लहानपणी डबा घेऊन जायचे तर दारातच कान झाकून उभी राहायचे. कापसाचा बोळा सोडला तर कानात कधी कुणी काही घातलं नाही.

गेली चार-पाच वर्षं ऐकू कमी यायला लागलं. टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा, फोनवर मी एक बोलतेय ते दुसरंच उत्तर देतायत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझ्या मुलीशी (वय ६) बोलणंच बंद झालं. तिचा आवाज बारीक, त्यांना कळायचंच नाही, दोनदा "काय?" विचारायचे आणि मग नुसतं हसून मान हलवायचे. ती पण मग आजोबांकडे जायची बंद झाली. म्हणून मागच्या महिन्यात मी आणि भावाने मिळून त्यांना दोन्ही कानांची मशीनं घेऊन दिली, ६४ हजार गेले, कानामागे छोटी पट्टी आणि पातळ वायर आत जाते तसली. तपासणी करून, रिपोर्ट काढूनच घेतली.

घरात फरक पडला, खोटं कशाला बोलू. नातीशी बोलतात आता. पण आण्णा भजनी मंडळात पेटी वाजवतात, म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून. दर गुरुवार, एकादशी, कुठे कुणाच्या घरी बारावं-तेरावं असलं तरी. मशीन लावून पहिल्या गुरुवारी गेले आणि अर्ध्यातून उठून आले. आई सांगत होती की आल्यावर दोन तास कुणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले टाळ डोक्यात खिळा ठोकल्यासारखा लागतो आणि पेटीचा सूर थरथरतो, एक पट्टी दाबली तर दोन पेट्या वाजल्यासारखं ऐकू येतं. पुढच्या गुरुवारी मशीन काढून गेले तर कुणी गाणारा वर चढला ते कळलं नाही, हे खालीच वाजवत राहिले, एका तरुण पोराने सगळ्यांसमोर "आण्णा, सूर सोडलाय" म्हटलं. तेव्हापासून पेटीवर चादर टाकून ठेवलीय. आता म्हणतात माझं वाजवायचं वय संपलं.

कोजागिरीपासून आमच्याकडे काकडा सुरू होतो, महिनाभर पहाटे. माझ्या आठवणीत एकही काकडा आण्णांशिवाय झालेला नाही. दुकानात फोन केला तर म्हणाले सवय होईल, दोन-तीन महिने द्या. मला ते पटत नाहीये. कुणाच्या घरी असं झालंय का? मशीन बदलायचं का, की अजून महागातलं घ्यायला पाहिजे होतं? आम्हाला अजून पैसे घालणं अवघड आहे पण त्यासाठी काढू काहीतरी.

---

कृष्णाकाठ

ताई, वाचून गलबललं. माझ्या सासऱ्यांचं मशीन दीड वर्ष कपाटात होतं, देवाच्या फोटोमागे डबीत. आम्ही सगळे त्यांना बोलायचो की एवढे पैसे घालून वापरत नाही. नंतर कळलं की त्यांना सेल बदलताच येत नव्हता, बोटं थरथरायची, आणि लाजेने सांगत नव्हते. आता मी रोज सकाळी चहाच्या आधी लावून देते. तुमच्या आण्णांचं कारण वेगळं आहे पण एक सांगते, ते जे सांगतायत ते खरंच तसं ऐकू येतंय असं धरून चला. सवय होईल सवय होईल म्हणून आपण फार दुखावतो म्हाताऱ्या माणसांना.

---

एक_वाटसरू

जरा वेगळं मत, राग मानू नका. ६७ वर्षांचा माणूस ३० वर्षं राबलाय, आता नको वाटतंय तर नको. काकडा दुसरं कुणी वाजवेल की. आपण मुलंच जास्त मागे लागतो, त्यांना घरी निवांत बसू द्या, नातीशी बोलतायत ना, तेवढं पुरे आहे.

---

सुई_दोरा

@एक_वाटसरू, राग नाही. पण त्यांना नको झालंय असं असतं तर मी लिहिलंच नसतं हो. आई म्हणते रात्री जेवण झाल्यावर ताटावर बोटं चालू असतात, पट्ट्या दाबल्यासारखी.

---

मंद्र_सप्तक

मी स्वतः दोन्ही कानांना मशीन लावतो, वय ५२, नऊ वर्षं झाली. बासरी शिकतोय आणि थोडंफार गातो, त्यामुळे आण्णांना काय होतंय ते मला आतून माहीत आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आण्णांचा सूर गेलेला नाही. मला पण पहिले चार महिने वाटलं होतं की आपले कान संगीतासाठी मेले. तानपुऱ्याचं अॅप लावलं की त्या सततच्या सुरात लाट यायची, ऊंऽऽ वांऽऽ वांऽऽ अशी, आणि मी रडकुंडीला आलो होतो. ते कानाचं नव्हतं, मशीनचं होतं. मशीनला शिट्टी वाजू नये म्हणून आत एक बंदोबस्त केलेला असतो, एकसारखा लांब सूर आला की त्याला वाटतं ही शिट्टीच आहे आणि तो ती मारायला बघतो. माणूस बोलताना एक सूर एवढा वेळ कधी धरत नाही म्हणून बोलण्यात त्रास होत नाही. पण पेटी, तानपुरा, बासरी, सनई, ही सगळी वाद्यं म्हणजे नुसता लांब सूरच! त्यामुळे "दोन पेट्या वाजतायत" हे आण्णांनी अगदी बरोबर शब्दात सांगितलंय, चांगला कान असल्याशिवाय हे कुणाला जाणवणारच नाही.

दुसरं, जो पोरगा सगळ्यांसमोर बोलला त्याच्यामुळे जास्त लागलंय असं मला वाटतं. ऐकू कमी येण्यापेक्षा चारचौघात चूक पकडली जाणं जास्त झोंबतं. मी स्वतः दोन वर्षं कुणाच्या बैठकीला गेलो नव्हतो. मंडळातल्या त्यांच्या वयाच्या एखाद्या माणसाला विश्वासात घ्या, घरी येऊन दोघांनीच बसून वाजवू दे, टाळ नको पखवाज नको, नुसती पेटी आणि आवाज.

मशीन लगेच बदलू नका. आधी ट्यूनिंग परत करून घ्या. नीट तज्ज्ञ बघा, विकणारा नुसता नको.

---

श्रवणवेल

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासून मशीन बसवणारी, १४ वर्षं हेच काम करतेय. मंद्र_सप्तक यांनी जे लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते. ताई, रिपोर्ट हाताशी असेल तर १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झचे आकडे सांगाल का, दोन्ही कानांचे?

---

सुई_दोरा

रिपोर्ट भावाने फोटो पाठवला. उजवा : ३०, ५०, ७०, ५५. डावा : ३५, ५५, ७५, ६०. याचा अर्थ काय होतो मला कळत नाही.

---

श्रवणवेल

थँक्यू. हर्ट्झ जितके जास्त तितका आवाज बारीक, आणि तुम्ही दिलेला आकडा जितका मोठा तितकं तिथे ऐकू कमी. अगदी आवाजात काम केलेल्या माणसाचा आलेख आहे. ४००० ला खड्डा आणि ८००० ला परत थोडा वर, हे मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की होतं, त्यावर वयाचं ओझं चढलंय. आपल्याकडे कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल धरलेली आहे, आणि जिथे माणसं ओठ बघून बोलायची तिथे काय आवाज असेल विचार करा. जे गेलंय ते औषधाने परत येत नाही, त्यामुळे कुणी तेल-थेंब-मसाज सांगितलं तर पैसे घालू नका. मात्र कानात मळ साचलाय का हे कानाच्या डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या, कधी कधी अर्धी तक्रार तिथेच मिटते.

आता नातीचं बोलणं का कळत नव्हतं ते बघा. मराठीतले अ आ ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणदणीत असतात, ते त्यांना व्यवस्थित ऐकू येतात. पण स, श, थ, फ यांची नुसती फुसफुस वरच्या पट्टीत असते, तीच गेलीय. म्हणून "ऐकू येतं पण काय म्हणतायत ते समजत नाही" असं होतं. आपण ओरडून बोलतो तेव्हा फक्त स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, म्हणून ओरडून उपयोग नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोलायचं. ओठ बघायची सवय तर आण्णांना कारखान्यापासूनच आहे.

पेटीचं उलटं आहे. पेटीचे मूळ सूर त्यांच्या कानाच्या बऱ्या भागात येतात. १००० ला ३०-३५ म्हणजे मधलं सप्तक त्यांना मशीनशिवाय सुद्धा बरंच ऐकू येत असणार. पण गाणाऱ्याचे शब्द, सुराची धार आणि कोण कधी वर गेलं ते कळत नाही, म्हणून मशीन काढून गेल्यावर तसं झालं.

टाळाबद्दल. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, मशीन त्यासाठी बनवलेलं आहे. शेजारी बसलेल्याचा टाळ त्याच्या कितीतरी वर जातो आणि नेमका त्या वरच्या पट्टीत जिथे मशीनने सगळ्यात जास्त वाढवून ठेवलंय. शिवाय अशा कानाचा एक स्वभाव असतो, हळू आवाज येतच नाही आणि मोठा आला की एकदम अंगावर येतो, मधली जागा अरुंद होते. खिळा ठोकल्यासारखं म्हणाले ते अगदी तसंच असतं.

तर करायचं काय. मशीन ६४ हजारांचं जोडीचं आहे म्हणजे त्यात बहुतेक दोन-तीन वेगळे प्रोग्राम बसवता येतात. एक घरासाठी आहे तसा ठेवायचा आणि दुसरा फक्त भजनासाठी करून घ्यायचा. त्यात शिट्टी मारणारा बंदोबस्त बंद किंवा एकदम कमी, गोंगाट कमी करणारी सोय बंद, वरच्या पट्टीतले आवाज खाली ढकलायची सोय असेल तर ती नक्की बंद (तिच्यामुळे सूरच बदलतो), आणि मोठ्या आवाजाची वरची मर्यादा खाली आणायची. बटण दाबलं की प्रोग्राम बदलतो.

आणि माझं कळकळीचं सांगणं, जाताना पेटी घेऊन जा. टाळ पण न्या. आमच्याकडे लोक येतात, कॉम्प्युटरसमोर बसतात, आम्ही विचारतो कसं वाटतंय, ते म्हणतात बरं वाटतंय, आणि घरी गेल्यावर सगळं बिघडतं. बंद खोलीत माझ्या बोलण्यावर केलेलं ट्यूनिंग भजनात चालणार नाही. आण्णांनी तिथे बसून वाजवलं पाहिजे आणि समोरच्याने तिथल्या तिथे बदललं पाहिजे. एका फेरीत होत नाही, दोन-तीन लागतात, आणि मशीन घेतलंय तिथे हे करून मागणं हा तुमचा हक्क आहे.

अजून एक तपासा. मशीन काढून पेटीची एकच पट्टी धरून ठेवायला सांगा, आधी उजवा कान झाका मग डावा. दोन्ही कानांत तोच सूर वेगळा ऐकू येतो का? तसं असेल तर तो भाग आतल्या कानाचा आहे, मशीन कितीही बदललं तरी जात नाही, ते आधी माहीत असलेलं बरं.

आणि जाता जाता सगळ्यांसाठी, कारण हे वाचणारे पुष्कळ असतील. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, सकाळी उठलो आणि एक कान बंद, तर सर्दी असेल म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठा, पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर परत येण्याची शक्यता जास्त असते, नंतर ती कमी होत जाते.

---

कृष्णाकाठ

श्रवणवेल ताई, पैशाचं पण सांगा ना. आमच्या गावात अशी किती म्हातारी माणसं आहेत, ६४ हजार कुणाला परवडणार.

---

श्रवणवेल

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे तपासणी होते आणि उत्पन्नाच्या अटीत बसलं तर सरकारी योजनेतून मशीन मिळतं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिची जिल्ह्यात शिबिरं होतात, त्यात काठी-चष्म्याबरोबर कानाचं मशीन पण येतं. जिल्हा रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. शिबिरातलं मशीन साधं असतं पण घरातल्या चार माणसांशी बोलायला चालतं, फक्त नंतर कुणीतरी ट्यूनिंगसाठी परत घेऊन गेलं पाहिजे, तिथेच सगळं अडतं.

---

कोकणातला_दत्तू

सेलबद्दल लिहितो, आमच्या आईच्या मशीनवर सात पावसाळे काढलेत म्हणून. तपकिरी पट्टीचा सेल म्हणजे ३१२ नंबर, नारिंगी म्हणजे १३. हे सेल हवेवर चालतात, वरची पट्टी सोलली की संपायला सुरुवात, परत चिकटवून उपयोग नसतो, त्यामुळे मुलांना हात लावू देऊ नका, आणि लहान मुलाने गिळला तर फार धोक्याचं असतं ते वेगळंच. पट्टी काढल्यावर लगेच आत घालायचा नाही, दोन-तीन मिनिटं हवा लागू द्यायची मग जास्त चालतो. रात्री सेलचं दार उघडून ठेवायचं. पावसाळ्यात आणि घाम येत असेल तर एका घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचं. काकड्याला पहाटे दव असतं ना, आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून डब्यात टाकायला सांगा आण्णांना.

---

सुई_दोरा

सगळ्यांना काय म्हणू कळत नाही. श्रवणवेल ताई, तुमचा प्रतिसाद मी फोनवर भावाला शब्दन् शब्द वाचून दाखवला, त्याने वहीत लिहून घेतला. मी शनिवारी पुण्याहून जातेय. पेटी नेण्याबद्दल आण्णांना अजून सांगितलं नाही, सांगितलं तर नाही म्हणतील, गाडीत घालूनच सांगणार.

---

सुई_दोरा

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

पहिल्यांदा गेलो तर तिथल्या मुलाने पेटी बघून "इथे नाही वाजवता येणार, बाहेर पेशंट बसलेत" असं सांगितलं. आण्णा लगेच उठले, चल म्हणाले. मी पण हट्टाला पेटले, वहीतलं सगळं वाचून दाखवलं, शेवटी त्यांच्या मोठ्या मॅडम बाहेर आल्या, त्यांनी दुपारी दीडला जेवणाच्या सुट्टीत या म्हटलं. आम्ही समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली आणि दीडला परत गेलो.

मॅडमनी आधी नुसतं काळी चारचा षड्ज धरायला लावला. आण्णा म्हणाले थरथरतोय. त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी बंद केलं. आण्णांनी परत पट्टी दाबली आणि भाता मारत तसेच बसले, सोडेचनात. मी विचारलं काय झालं तर म्हणाले, "एकच आहे." मला तिथे बघवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले, आतून मध्य सप्तकाचे सूर वर खाली येत होते, मग गवळणीची चाल सुरू झाली. बाहेरचे पेशंट आत बघायला लागले होते.

सगळं झालं असं नाही. शिट्टीचा बंदोबस्त काढल्यामुळे हात कानाजवळ नेला की कुईं वाजतं, टोपी घातली तर जास्त. एक फेरी परत झाली तेव्हा टाळ नेला, वरची मर्यादा अजून खाली आणली. ते कान झाकून बघायचं पण केलं, वरच्या सप्तकात डाव्या कानाला सूर थोडा चढा लागतो त्यांना, ते राहणार म्हणाल्या मॅडम. आण्णांनी स्वतःच त्यावर उपाय काढला, गाणारा त्यांनी उजव्या बाजूला बसवून घेतला, आणि टाळवाले सगळे पखवाजाच्या पलीकडे.

मंद्र_सप्तक दादा, तुमचं ऐकून मंडळातल्या एका काकांना घरी बोलावलं होतं. ते चार संध्याकाळी येऊन बसले, चहाशिवाय काही घेतलं नाही. ज्या पोराने बोललं होतं ना, पाचव्या दिवशी काका त्यालाच घेऊन आले. तो काही बोलला नाही, आण्णा पण काही बोलले नाहीत. दोन तास तो गात होता आणि हे साथ करत होते.

कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटे आण्णा गेले नाहीत. तिसऱ्या पहाटे पण नाही. मी पुण्यात, रोज साडेपाचला आईला फोन करत होते. चौथ्या दिवशी आईने फोन उचलला आणि म्हणाली, थांब, आणि फोन खिडकीत धरला. आमचं घर देवळापासून चार घरं पलीकडे आहे. टाळाच्या आवाजात पेटी नीट कळत नव्हती, पण आई म्हणाली तीच आहे.

आता एकच विचारायचंय, ३१२ नंबरचे सेल एकदम जास्त घेऊन ठेवले तर चालतात का, की पट्टी न काढता सुद्धा खराब होतात? रोज पहाटेचे तीन तास आणि घरातला दिवसभर धरला तर पाच-सहा दिवसच जातायत एका जोडीला.